‘बुलेटप्रूफ’, पण कोणत्या गोळीला?

‘पोलिसांना बुलेटप्रूफ कवच’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. जॅकेट मिळतात याचा आनंदच आहे. पण ‘आता गोळीची भीती नाही’ हे त्यातले वाक्य खटकले.

नुसते कापडी जॅकेट, मग ते केव्हलार या मजबूत धाग्याचे का असेना, पिस्तुलाची गोळी अडवते. नऊ एमएमची गोळी सेकंदाला साधारण ३५० ते ४०० मीटर वेगाने येते, एके-४७ ची सातशेच्या वर. ती थोपवायला छातीपुढे सिरॅमिकची कडक प्लेट लागते. गोळी तिच्यावर फुटते आणि मागचा थर तुकडे धरून ठेवतो. तरीही धक्क्याने बरगडी मोडू शकते. मान, काख, मांड्या उघड्याच राहतात.

नोकरीत असताना एकाच्या हातून प्लेट फरशीवर पडली. वरचे कापड जसेच्या तसे होते. बोटाने दाबले तेव्हा आत कचकच जाणवली, म्हणजे सिरॅमिकला तडा गेला असावा. ती तपासणीसाठी बाजूला काढली, म्हणून बरे झाले.

भारतीय मानक आयएस १७०५१ मध्ये, कोणती गोळी अडते त्यानुसार, जॅकेटचे सहा स्तर आहेत. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने २०२४ मध्ये सहाव्या, म्हणजे सर्वात वरच्या स्तराचे हलके जॅकेट तयार केल्याचे जाहीर केले. आपल्या बातमीत स्तराचा उल्लेखच नाही. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात एके-४७ ची नळी पकडून धरणारे तुकाराम ओंबळे याच जिल्ह्यातल्या केडंब्याचे. निदान साताऱ्यात तरी जॅकेटची बातमी छापताना स्तराचा आकडा द्यावा, ही विनंती.

– एक माजी सैनिक, अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा