तांडेलकाका, तुमच्या तिथीच्या गणिताला साताऱ्याचा नमस्कार

देवबागच्या तांडेलकाकांना,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून तारकर्ली-देवबागला माणसं घेऊन उतरणाऱ्या आमच्या गटाकडून हे जाहीर आभारपत्र. जाहीर अशासाठी, की तुम्ही सांगितलेलं घाटावरून समुद्रावर येणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

पहिले आभार आमचा क्रम उलटा केल्याबद्दल. आमच्याकडे पहिल्या दिवशी किल्ला आणि बाजार, शेवटच्या सकाळी स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी, म्हणजेच डाइव्ह) आणि ओल्या केसांनीच फोंडा घाट, अशी रीत. पाण्याखालच्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तो निघायच्या आधीच उंची गाठली, तर हवेचा दाब घटतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे धरू शकतात. एका डाइव्हनंतर 12 तास, जास्त झाल्या तर 18 तास विमान नको, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. घाट मात्र कुणी मोजत नाही, आणि आमचं सातारा तर 700 मीटरच्या आसपास! पर्यटकांच्या उथळ डाइव्हला धोका कमीच. तरी डाइव्ह पहिल्या सकाळी आणि घाट दुसऱ्या दुपारी ठेवला तर आपलं जातं काय?

दुसरे आभार पंचांगाबद्दल. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा शनिवार निवडायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार, तळाची वाळू उठते आणि स्नॉर्केलला, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगताना, समोरचा हातही धूसर दिसतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असताना, पाणी निवळ, पण कर्लीच्या खाडीत कायाकला (वल्ह्याच्या छोट्या होडीला) सकाळभर ओहोटी अंगावर. म्हणून तुमचा तोडगा: एकादशीला सकाळी आठच्या सुमारास, भरती थबकलेली असताना पाण्यात उतरायचं. द्वादशीला सातला चढत्या पाण्याबरोबर कायाक खाडीत घालायची, नऊनंतर उतरत्या पाण्याबरोबर परत. भरती-ओहोटीच्या सहा तासांत मधल्या दोन तासांना पाणी सगळ्यांत जोरात पळतं, तेव्हा उलट वल्हवणं म्हणजे दंड मोडून घेणं. शिवाय दुपारी खारा वारा सुटतो. उशीर झाला तर कायाक चिखलात रुतते आणि ढकलायला उतरलेल्याचे पाय कालवांच्या शिंपल्यांनी कापले जातात. रबरी चप्पल चिखलातच राहते, टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट हवेत.

पाण्याखाली बघायच्या मास्कचं तर काय सांगावं! पट्टा न लावता तोंडावर टेकवायचा, नाकाने हलकंच आत ओढायचं. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. साताऱ्याच्या मिशा इथे आडव्या येतात. कडेखाली केस आला की पाणी झिरपणारच. मिशीवर व्हॅसलीन हा तुमचा उपाय, नाहीतर वस्तरा. बहुतेकांनी व्हॅसलीन पसंत केलं. पट्टा करकचून आवळला तर गळती वाढते, हे पटायला मात्र आम्हाला वेळ लागला.

कान दुखायची वाट पाहायची नाही. उतरायला लागल्यापासून दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कानाला खरा फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो. फुंकून कान मोकळा झाला नाही, तर जोर न लावता थोडं वर यायचं. सर्दी असेल तर काठावर बसायचं, पैसे भरले असले तरी.

कोयनेच्या पाण्यात हात मारणाऱ्यांना तुम्ही वेगळं बाजूला घेतलंत, ते योग्यच. नदीला आम्ही तिरकं कापून काठ धरतो. किनाऱ्यापासून आत खेचणारी समुद्राची ओढ निराळी. तिच्याशी सरळ किनाऱ्याकडे झुंजलं की दम संपतो आणि माणूस जागेवरच राहतो. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडायचं, मग किनाऱ्याकडे वळायचं. डोंगर चढून कमावलेला दम इथे कामाला येतोच असं नाही.

आणि हो, लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायची सवय लागली. कानापर्यंत सरकलं तर ते सैल. होडीत चढण्यापूर्वी मिसळ बंद, हेही कबूल.

कार्तिक वद्य एकादशीला येतो. त्या दिवशी उपवासवाल्यांना तुमच्याकडचे मासे चालणार नाहीत, त्यांची तोंडं आत्तापासूनच वाकडी झाली आहेत. बाकीच्यांच्या ताटाचा आकडा आदल्या दिवशी कळवू. कंदी पेढे आणतोय, ते होडीतून उतरल्यावर.

आपले,
साताऱ्याचे घाटावरचे