रिपोर्टवर ज्यांची सही नसते, त्या ताईंस

आदरणीय ताई,

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टखाली सही आम्हा डॉक्टरांची असते. नमुन्याचा पातळ काप रंगवलेल्या ज्या काचेच्या भरवशावर ती होते, ती काच तुम्हा टेक्निशियनच्या हातची. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पोटातल्या पॅरागँग्लिओमाची, म्हणजे मज्जासंस्थेशी निगडित पेशींच्या दुर्मीळ गाठीची, ती केस तुम्हाला आठवत असेल. एसडीएचबी हे प्रथिन पेशींत आहे का ते तपकिरी रंगाने दाखवणारी अँटिबॉडी लावायला दिली होती. सक्सिनेट डिहायड्रोजनेज हे मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं, एन्झाइम चार घटकांचं; एसडीएचबी त्यांतला एक. जनुकातल्या दोषाने त्यांतला कुठलाही एक बिघडला, की एसडीएचबी टिकत नाही आणि गाठीच्या पेशींवर तपकिरी रंग चढत नाही. म्हणजे इथे रंग न येणं हेच उत्तर. भीतीही तीच, कारण अँटिबॉडीने कामच केलं नाही तरी काच तशीच दिसते.

पहिली काच सगळी निळी आली, तपकिरी कुठेच नाही. तुम्ही म्हणालात, "मॅडम, गाठ राहू द्या, आधी रक्तवाहिन्या बघा. त्यासुद्धा कोऱ्या आहेत. हा रिपोर्ट नका देऊ." खरंच, त्यांच्या अस्तरातल्या पेशींत एन्झाइम शाबूत असतं, त्या रंगायलाच हव्यात. सर्जरीवाल्यांचे फोनवर फोन येत होते, अँटिबॉडी महाग, तरी तुम्ही नमुन्याचा मेणातला ब्लॉक पुन्हा कापलात. सुट्ट्यांमुळे नमुना टिकवण्याच्या फॉर्मॅलिनमध्ये तो जास्त राहिल्याचं रजिस्टरमधून शोधलंत, अँटिजेन रिट्रीव्हलची (फॉर्मॅलिनमुळे झाकलेलं प्रथिन अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळं करण्याची) वेळ वाढवलीत आणि त्याच काचेच्या टोकाला कंट्रोल म्हणून, अँटिबॉडी काम करते की नाही हे कळावं यासाठी, किडनीचा तुकडा लावलात.

दुसऱ्या काचेवर किडनीच्या नलिका दाणेदार तपकिरी, गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या कडा तपकिरी, आणि मधल्या गाठीच्या पेशी निळ्याच. उत्तर बदललं नाही, पण आता ते छातीठोकपणे लिहिता आलं.

त्यावरून जनुकतपासणी झाली आणि एसडीएचबीच्याच जनुकात दोष निघाला. अशी गाठ दुसरीकडे पसरण्याचा धोका जास्त, म्हणून पेशंटवर कायमची नजर ठेवावी लागणार. भावंडांत तो दोष असण्याची शक्यता निम्मी. धाकट्या भावात तो सापडला. त्याला आज काही त्रास नाही, पण त्याच्या नियमित तपासण्या वेळेत सुरू झाल्या.

नवे रेसिडेंट आता निगेटिव्ह काच घेऊन आधी तुमच्या टेबलाशी येतात. शिकवणं तुमच्या कामाच्या यादीत कुठेच नाही, तरी हातातलं काम थांबवून तुम्ही त्यांना रक्तवाहिन्या दाखवता. त्याबद्दलही, ताई, मनापासून आभार.

आपली,
हिस्टोपॅथॉलॉजीतली एक डॉक्टर