'सर्व्हर डाऊन' लिहून मोकळं होऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

कुठलंही ॲप बंद पडलं की पेपरात बातमी येते 'सर्व्हर डाऊन', झालं, विषय संपला. मी याच कामात आहे म्हणून सांगतो, बऱ्याचदा सर्व्हर चालूच असतात, गडबड असते ती त्यांची तब्येत तपासणाऱ्या हेल्थ चेकमध्ये, आणि त्यावर कोणी बोलतच नाही.

क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रणेत, पुढे आलेलं काम वाटून देणारा लोड बॅलन्सर असतो आणि मागे चार-सहा सर्व्हर. तो ठरावीक वेळाने प्रत्येकाला एक छोटी रिक्वेस्ट टाकतो, २०० (म्हणजे 'सगळं ठीक' हा कोड) उत्तर आलं की तब्येत ठीक. ॲमेझॉनच्या क्लाउडमधला ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर काही न बदलता चालू केला तर दर ३० सेकंदांनी तपासणी, ५ सेकंद टाइमआउट (तेवढ्यात उत्तर नाही तर नापास), लागोपाठ २ वेळा नापास झाला की सर्व्हर कामातून बाहेर, आणि परत आत यायला लागोपाठ ५ वेळा पास. म्हणजे बंद पडलेला सर्व्हर ओळखायलाच मिनिटभर जाऊ शकतं, आणि चार सर्व्हर असतील तर तेवढा वेळ साधारण दर चौथी रिक्वेस्ट वाया. गूगल क्लाउडचं डिफॉल्ट, म्हणजे आपण काही न बदलता मिळणारं सेटिंग, दर ५ सेकंदांनी तपासणीचं आहे, पण आकडे बदलून फार फरक पडत नाही, खरा घोळ आपण सर्व्हरला विचारतो काय यात असतो.

बरेच जण हेल्थ चेकला एक साधं पान देतात. ते पान त्याच मशीनवरचा पुढचा वेब सर्व्हर प्रोग्रॅमच देऊन टाकतो, मागचं ॲप डेटाबेस कनेक्शनची वाट बघत लटकलेलं असलं तरी उत्तर २००च. हजेरीला 'हजर' ओरडणारा पोरगा अभ्यास करतोच असं नाही ना! त्याहून वाईट म्हणजे झटपट एरर देणारा सर्व्हर. ज्याच्याकडे कमी रिक्वेस्ट पेंडिंग त्याला पुढची द्यायची अशी सेटिंग असेल तर हा बिघडलेला गडीच सगळ्यात मोकळा दिसतो आणि गर्दी त्याच्याकडेच वळते.

मग कोणीतरी शहाणा म्हणतो, चेकमध्ये डेटाबेसपण तपासू. ऐकायला बरं वाटतं, पण डेटाबेस सगळ्यांचा एकच, तो मिनिटभर अडखळला की सगळे सर्व्हर एकदम नापास. ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर अशा वेळी हात टेकतो आणि सगळ्यांनाच ट्रॅफिक देत राहतो, ते ठीक, पण ऑटो स्केलिंगला (सर्व्हर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा) हाच चेक जोडलेला असेल तर ते धडधाकट सर्व्हर मारून नवे उभे करायला लागतं, आणि नव्यांची कॅश (हाताशी साठवून ठेवलेला डेटा) रिकामी, ते सगळे मिळून आधीच दमलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. माझं स्पष्ट मत आहे की सर्व्हरला बाहेर काढायचं ते फक्त त्याच्या स्वतःच्या बिघाडासाठी, डेटाबेससाठी वेगळा अलार्म लावा आणि तो माणसाकडे जाऊ द्या. हेल्थ चेक ही नुसती देखरेख नाही, तो सर्व्हरला बाहेरचा रस्ता दाखवतो, आणि एवढा अधिकार आपण डिफॉल्ट सेटिंगवर सोडून देतो.

हे छोट्यांचंच होतं असंही नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या नॉर्थ व्हर्जिनिया रिजनमध्ये जो मोठा गोंधळ झाला त्याची सुरुवात डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेच्या डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) झाली, पण पुढे नेटवर्क लोड बॅलन्सरची हेल्थ चेक यंत्रणाच गोंधळली. नव्या सर्व्हरचं नेटवर्क पूर्ण तयार व्हायच्या आधीच त्यांची तपासणी सुरू झाली, त्यामुळे तेच सर्व्हर कधी पास कधी नापास, आत-बाहेर आत-बाहेर, आणि त्याने तपासणाऱ्या यंत्रणेवरच लोड आला. शेवटी इंजिनिअरांनी हेल्थ चेकवरून होणारं ऑटोमॅटिक फेलओव्हर (नापास झालेल्यांना काढून काम दुसरीकडे वळवणं) बंद केलं तेव्हा चांगले सर्व्हर परत कामाला लागले.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी बातमी करताना तुमच्या वार्ताहराने कंपनीला एरर कोड विचारावा. लोड बॅलन्सरकडून ५०३ आला तर बहुतेक मागे काम घ्यायला कोणी उरलेलंच नाही, ५०४ असेल तर सर्व्हर आहे पण वेळेत बोलला नाही. आणि ५०३ असेल तर लगेच पुढचा प्रश्न टाकावा, सर्व्हर खरंच पडले होते की तुमच्याच चेकने काढले?

आपला,
एक सिस्टीम ॲडमिन