आजीचे डोळे

संपादक महोदय,

माझी आजी गेल्या महिन्यात ९१ व्या वर्षी गेली. सोलापुरात तिने चार मुलं वाढवली, सासऱ्यांचं लांबलेलं दुखणं काढलं. त्याबद्दल ती फारशी बोलली नाही. बोलायची ती किल्लारीबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या थापल्या, शेंगाचटणी बांधली आणि त्या ट्रकबरोबर आजी गेली. परतली ती दहा दिवसांनी. पुढे कित्येक वर्षं ती अंध विद्यार्थ्यांना धडे वाचून दाखवत असे.

फिरण्याचं वेड उतारवयातलं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली आणि आधार कार्ड पिशवीत टाकून ती तुळजापूर, औदुंबर, थेट गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन आली. खिडकीची जागा मात्र हवीच.

त्याच डोळ्यांचं तिने दान केलं, म्हणून हे पत्र. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा लावणारी माणसंही नेत्रदान करू शकतात, वयाची आडकाठी नसते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत बुबुळं काढावी लागतात. चेहरा विद्रूप होत नाही. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. हे सगळं तिने देवघराशेजारच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलं होतं, नेत्रपेढीच्या क्रमांकासह. आम्ही रडत रडत ते वाचलं आणि आधी पंखा बंद केला.

– एक नात, सोलापूर