मंत्रीसाहेब, एआय आणा पण आधी ताईला दोन मजले चढवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार

साहेब, मी कोपरखैरण्याची. हल्ली जिथेतिथे एआय एआय चाललंय ना, त्याबद्दलच लिहितेय, पण माझ्या ताईच्या फुप्फुसांवरून.

ताईला डर्मॅटोमायोसायटिस, त्यातही एमडीए-५ अँटिबॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते आणि काही जणांची फुप्फुसं काही आठवड्यांत हात टेकतात. आधी पापण्या जांभळट झाल्या, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे आले, आम्ही दोन महिने मलम चोळत बसलो. सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आली म्हणून सगळे निवांत, या प्रकारात बऱ्याचदा स्नायूंना फारसं काही होतच नाही हे आम्हाला काय माहीत! मग स्टेशनचा जिना चढताना धाप लागायला लागली. घरी ऑक्सिमीटर लावला तर बसल्याजागी ऑक्सिजन ९७, दोन मजले चढून आली तर ८७. ओपीडीत केसपेपरवर पडला फक्त ९७, त्या गर्दीत जिने कोण चढायला लावतंय. पाचव्या दिवशी ती आयसीयूत.

वाचली हो. आता घरी हवेतून ऑक्सिजन काढून देणारा काँसन्ट्रेटर आहे, लाइट गेली की बिल्डिंगमधले इन्व्हर्टर शोधतात, आम्ही सिलिंडरची चावी.

मशीन लर्निंगवर, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकणाऱ्या एआयवर, माझा राग नाहीये. फेरिटिन (सूज दाखवणारी रक्ततपासणी), एफव्हीसी (एका दमात किती हवा फुंकता येते), डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो), सीटीत किती भाग पांढरा दिसतो, चालल्यावर सॅच्युरेशन किती पडतं आणि त्यातलं पुढे कोण व्हेंटिलेटरवर गेलं, असं भरपूर पेशंटचं दिलं की मॉडेल नव्या पेशंटचा धोका आधीच सांगू शकतं, आणि या आजारात चार दिवस आधी कळणं म्हणजे औषधं वेळेत सुरू होणं. पण त्याला ताईचा ९७ दिला असता तर त्यानेही घरीच पाठवलं असतं! त्यात सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधीकधी जास्त दाखवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनीच छापलंय.

आणि बाहेरचं तयार मॉडेल आणून नुसतं चिकटवू नका. २०१७ मध्ये छापलेल्या भारतातल्या आयएलडीच्या, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन ती कडक होत जाणाऱ्या आजारांच्या, रजिस्ट्रीत १,०८४ पेशंट होते, त्यात जवळजवळ निम्मे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे (श्वासातून गेलेल्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसं सुजतात तो) आणि ताईसारखे ऑटोइम्यूनवाले साधारण १४ टक्के. आपल्याकडचा पेशंट वेगळा आहे, आधी आपल्याच लोकांवर तपासून बघा.

माझं मागणं साधं आहे. पीएफटीचे (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) आणि सहा मिनिटं चालवून घेतलेले आकडे आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्यात आकडे म्हणूनच चढू देत, मोबाईलवर काढलेला तिरका फोटो म्हणून नको. पेशंटचं पुढे काय झालं तेही लिहा, गेला असेल तरी लिहा. आणि मशीनने लाल दिवा दाखवला तर फोन कोण उचलणार, बेड कोण देणार, ते आधी ठरवा.

ताईची फाइल पाहिजे असेल तर देते, बिगबाजारच्या जुन्या पिशवीत आहे सगळी. फक्त पहिली पीएफटी थर्मल कागदावर होती, तो आता कोरा झालाय.

आपली,
ताईची धाकटी बहीण, कोपरखैरणे