छपरावरून घर ओळखण्याचं काम

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "उपग्रहाला गरिबी दिसते तरी कशी?" आणि मी घाईचं निमित्त करून सटकले. म्हणून हे पत्र.

गरिबी दिसत नाहीच. दिसतं ते छप्पर पत्र्याचं की गवताचं, रस्ता डांबरी की कच्चा, शेतांचे तुकडे केवढे. घरोघरी जाऊन करायची पाहणी महाग, म्हणून अनेक देशांत ती वर्षानुवर्षं होत नाही. 2016 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडासाठी एक युक्ती केली. रात्रीच्या दिव्यांवरून संपन्नतेचा अंदाज आधीपासून बांधत होतेच, पण अगदी गरीब भागात सगळीकडे सारखाच काळोख. तिथे कमी गरीब कोण, जास्त कोण, हे कळणार कसं? त्यांनी संगणकाला दिवसाचा फोटो दाखवून रात्री तिथे उजेड किती असेल ते ओळखायला लावलं. त्या नादात तो रस्ते, वस्त्या, शेतं ओळखायला शिकला. मग थोड्याशा पाहणीच्या आधारे तीच नजर गरिबीच्या अंदाजाला जुंपली. आई, हसू नकोस, पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते.

माझं रोजचं काम मात्र रटाळ. पाहणीतल्या लोकांची ओळख फुटू नये म्हणून वस्तीचं ठिकाण नकाशावर मुद्दाम सरकवतात, शहरात 2 किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुधा 5 पर्यंत. म्हणजे आकडे एका वस्तीचे आणि माझ्यासमोर फोटो शेजारच्या माळाचा! हे योग्यच आहे, तरी चिडचिड होते. त्याहून खुपतं ते वेगळंच: अंदाज बांधणारं संगणकाचं मॉडेल सगळ्यांना मधल्या पायरीकडे ओढतं. अतिगरीब वस्ती कागदावर जरा बरी दिसते. नेमकी तीच, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

2020 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात करोनाकाळातल्या मदतीसाठी गरीब भाग उपग्रहाच्या फोटोंवरून निवडले आणि माणसं मोबाइल वापराच्या नोंदींवरून. पैसे थेट फोनवर. एरवी इतक्या झटपट जमलं नसतं. पण ज्याच्याकडे फोनच नाही, त्याचं काय?

तेव्हा बाबा, दारोदार फिरणाऱ्यांची नोकरी जाणार का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही'. संगणक शिकतो त्यांच्याच आकड्यांवर आणि चुकला तर पकडतातही तेच आकडे.

पुढच्या महिन्यात मी पाहणीच्या गटाबरोबर जाणार आहे. चार वर्षं त्या वस्त्यांची छपरं मोजतेय, दार एकाचंही पाहिलेलं नाही. तिथे रेंज नसते म्हणतात, त्यामुळे फोन नाही आला तर काळजी करू नका.

तुमची,
लेक