नाताळ अजून संपलेला नाही

२६ डिसेंबर उजाडला की भुसावळात ओळखीचे लोक विचारतात, ‘झाला ना तुमचा नाताळ?’ झाला कुठला, आत्ता कुठे लागला! आम्हा कॅथलिकांचे त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे. (तेव्हाच केक कापून मोकळे होणाऱ्यांत आमचीही मंडळी असतात, हे कबूल.) सण सुरू होतो २४ तारखेच्या रात्रीच्या मिस्साने, म्हणजे चर्चमधल्या उपासनेने, आणि चालतो थेट जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. तोवर आमच्या घरी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मोडत नाहीत.

१२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी खरा बैल आणि गाढव उभे करून गव्हाणी मांडली होती. आमची पोरे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा गोठा करतात, आत कडबा पसरतात. बाळ येशू मात्र मध्यरात्रीपर्यंत कपाटात! शेजारच्या काकू गव्हाणी बघायला येताना भरीत आणतात, जाताना करंज्या नेतात. थंडी मी म्हणत असते, तरी अंगणातली गाणी लवकर आटपत नाहीत.

तेव्हा शुभेच्छा द्यायच्या राहिल्या असतील, तर नव्या वर्षात या. करंज्या उरतील याची मात्र हमी नाही.

— एक वाचक, भुसावळ